फणसाची छत्तीस पानं

"झिपरू, तुझा आकडा मोठा ना? मग डावीकडं कुठं चाललास? परत ये, परत ये!"

सपना हसत ओरडली आणि झिपरू पाटी छातीशी धरून, जीभ चावत, उलट्या पावली वर्तुळात परत आला. शाळेच्या पटांगणात चुन्याने रेघा आखलेल्या होत्या. सहा मुलं सहा रेघांवरून निघायची. दोन रेघा जिथे भेटत तिथल्या वर्तुळात दोघं समोरासमोर येऊन पाट्या दाखवायची. लहान आकड्याचा डावीकडून पुढे जायचा, मोठ्या आकड्याचा उजवीकडून. सगळे आकडे कोणालाच ठाऊक नव्हते, तरी पलीकडच्या टोकाला पोचल्यावर सहाही पाट्या चढत्या क्रमाने उभ्या राहिल्या. मुलांनी एकच गिल्ला केला.

ज्ञानेश्वरी कॉम्प्युटरच्या खोलीच्या खिडकीतून हे पाहत होती. तिने वर्तुळं मोजली. बारा. आकृती बरोबर होती. एखादं वर्तुळ चुकलेलं निघालं असतं तर आपल्याला बरं वाटलं असतं, हे तिच्या लक्षात आलं आणि ती खिडकीपासून दूर झाली.

"बाई, बघा की!" दारात तांदूळ निवडत बसलेल्या गोजराबाईंनी हाक मारली. शाळेची खिचडी त्या शिजवायच्या. "पोरं कॉम्प्युटर शिकायल्यात म्हनं. मला तर आट्यापाट्याच दिसायल्यात."

"तेच म्हणते मी," ज्ञानेश्वरी म्हणाली.

"पर लई रंगलीत हो."

ज्ञानेश्वरी जवळच्या कॉम्प्युटरची खोळ सारखी करू लागली.

खोलीत आठ कॉम्प्युटर होते. तारापूरच्या कुठल्याशा कारखान्याने नवे घेतले तेव्हा जुने शाळेला दिले होते. त्यातले तीन चालत. बाकीच्या पाचांवरही तिने आपल्या जुन्या साड्यांची शिवलेली खोळ घातली होती आणि दर शनिवारी ती सगळ्यांची धूळ पुसायची. चौदा वर्षं ती या शाळेवर होती. बी.एस्सी. झालेली, सालवडहून स्कूटरवर येणारी, माउसला हात लावण्याआधी मुलांना हात धुवायला लावणारी. पाड्यावरचे आईबाप तिला 'कॉम्प्युटरच्या बाई' म्हणत. मुलं 'मोठ्या बाई' म्हणत.

सपना जूनमध्ये आली. विक्रमगडकडच्या एका पाड्यावरची, तात्पुरत्या नेमणुकीची. घरात कॉम्प्युटर कधी नव्हताच. "डी.एड.ला पयल्यांदा माउस धरला मॅडम, तोही उलटा! बाण वर न्यायला गेले की खाली पळायचा," हे तिने पहिल्याच दिवशी सगळ्यांसमोर हसत सांगितलं होतं. ज्ञानेश्वरीने असं काही कधीच कोणाला सांगितलं नसतं.

ज्ञानेश्वरीला मोजायची सवय होती. गेल्या वर्षी मधल्या सुट्टीत अकरा मुलं कॉम्प्युटरच्या खोलीत यायची. आता दोन यायची, आणि त्यातला एक पंख्यासाठी. एका दुपारी पहिलीतली पोर तिच्यासमोरून धावत गेली. "कुठे गं?" असं विचारल्यावर म्हणाली, "कॉम्प्युटर खेळाया!" आणि पटांगणात पळाली.

आणि ठमी. पाचवीतली, हाडकुळी, बोलताना डोळे बारीक करणारी. दरवर्षी दिवाळीनंतर तिच्या घरचे वीटभट्टीवर जायचे आणि ठमी पावसाळ्यापर्यंत दिसायची नाही. यंदा तिने बापाला सांगून टाकलं होतं, "मी आजीकडं राहीन. शाळेत खेळ चाललेत." चौदा वर्षांत ज्ञानेश्वरीच्या कॉम्प्युटरसाठी कोणी मागे राहिलं नव्हतं.

*

एका दुपारी सपना फणसाची पानं ओच्यात घेऊन खोलीत आली.

"मॅडम, वेळ हाय का? एक अडलंय."

तिने टेबलावर पानं मांडली. प्रशिक्षणात मिळालेल्या पुस्तिकेत पत्त्यांची एक जादू होती. पत्ते वाऱ्याने उडत, म्हणून सपनाने शाळेमागच्या फणसाची पानं घेतली होती. एक बाजू गडद चकचकीत, दुसरी फिकट. पाच ओळींत पाच-पाच पानं कशीही मांडायची. मग शिकवणाऱ्याने "अजून अवघड करू या" म्हणत प्रत्येक ओळीला एकेक पान जोडायचं, आडवंही आणि उभंही, म्हणजे एकूण छत्तीस. एका मुलाने पाठ करायची, दुसऱ्याने एक पान उलटायचं, आणि पहिल्याने वळून नेमकं तेच ओळखायचं.

"जमते मला जादू. जास्तीचं पान कसं ठेवायचं ते पुस्तकात दिलंय. पण ती का जमते, ते नाय कळत. पोरं विचारतील ना."

कित्येक दिवसांत ज्ञानेश्वरीला कोणी असं काही विचारलं नव्हतं. तिने पदर खोचला.

"जास्तीचं पान ठेवताना तू काय मोजतेस?"

"चकचकीत पानं. विषम असली तर आणखी एक चकचकीत ठेवते. म्हंजे सम होतात."

"मग झालं तर. प्रत्येक आडवी ओळ सम, प्रत्येक उभी ओळ सम. आता कोणी एक पान उलटलं की त्याची आडवी ओळ विषम होणार आणि उभीही. त्या दोन ओळी जिथे छेदतात, तिथलं पान. कॉम्प्युटर माहिती पाठवतो तेव्हा वाटेत काही बिघडलं का, हे असंच तपासतो."

सपनाने स्वतः एक पान उलटलं, बोट आडवं फिरवलं, उभं फिरवलं, आणि तिचा चेहरा एकदम उजळला. "अगं आई! एवढंच?" मग क्षणभराने तिने विचारलं, "आणि दोन उलटली तर, मॅडम?"

"नेमकी कुठली ते सांगता येणार नाही. पण काहीतरी चुकलंय एवढं कळतंच."

"म्हंजे चूक लपत नाय."

ज्ञानेश्वरीच्या डोळ्यांसमोर चार पानं आली. दोन ओळींतली, दोन स्तंभांतली, चौकटीच्या चार कोपऱ्यांसारखी. चारही उलटली तर प्रत्येक ओळीत दोन-दोन बदल होतात, सम ते समच राहतं, आणि चूक साफ लपते. सांगायला एक वाक्य पुरलं असतं. ते वाक्य तिच्या ओठांपर्यंत आलंही होतं. बाहेरून ठमीचा आवाज आला, "सपनाबाई, या ना लवकर!"

"हं," ज्ञानेश्वरी म्हणाली.

"तुमच्यामुळं कळलं, मॅडम." सपनाने पानं गोळा केली आणि ती पळालीच.

त्या संध्याकाळी घरी ज्ञानेश्वरीचा नवरा शिवाजी पहिल्या पाळीवरून येऊन चहा पीत बसला होता. ज्ञानेश्वरी कणीक मळता मळता त्याला सांगत होती, की हल्ली शिकवणं म्हणजे नुसता धुडगूस झाला आहे, ना यंत्र, ना शिस्त.

"पण पोरांना कळतंय का?" शिवाजीने विचारलं.

"कळतंय."

"मग तुझं काय बिघडलं?"

"माझं कुठे काय?" तिने परात पुढे ओढली. "बोलायचीही चोरी झालीय आता."

शिवाजीने कपबशी उचलून मोरीत ठेवली. कारखान्यात पंचवीस वर्षं काढलेला माणूस. कुठल्या झडपेला हात लावू नये, हे त्याला समजत होतं.

*

पुढच्या आठवड्यात केंद्रप्रमुख मनीष सरांचा फोन आला. तालुक्याच्या शिक्षकांना शिकवायला आपल्या केंद्रातून एकाला पालघरला पाठवायचं होतं. कॉम्प्युटरचं काही असलं की हे नाव दरवेळी ज्ञानेश्वरीचंच असे. कधी कोणाला विचारावंही लागलं नव्हतं.

"यंदा गटशिक्षणाधिकारी साहेबांना ते कॉम्प्युटरशिवाय कॉम्प्युटर हवंय, मॅडम. तुमच्या त्या सपना मॅडम करतात ना? गुरुवारी येतोय आम्ही बघायला. आवडलं तर त्यांचंच नाव देऊन टाकू. तरुण आहेत, उत्साही आहेत."

"या ना," ज्ञानेश्वरी म्हणाली. "छानच आहे."

गुरुवारी साहेब आले. ओसरीवर सतरंजी घातली, तिच्यावर पानं मांडली. मुलं दाटीवाटीने बसली, गोजराबाई हात पुसत खांबाला टेकल्या. ठमी तेल लावून, वेण्या घालून आली होती. ती भिंतीकडे तोंड करून उभी राहिली. मनीष सरांनी एक पान उलटलं. ठमी वळली, डोळे बारीक करून बोटाने हवेत दोन रेघा ओढल्या आणि म्हणाली, "ह्ये."

साहेबांनी स्वतः उलटलं. "ह्ये." पुन्हा उलटलं. "ह्ये!"

"अरे वा!" साहेब सतरंजीच्या कडेला चक्क मांडी घालून बसले. "आता एक नाही, वाट्टेल तेवढी उलटायची."

"साहेब, यात एकच उलटायचं असतं," सपना घाईने म्हणाली.

"का बरं? खऱ्या यंत्रात काय एकच चूक होते? ओळखता नाही आलं तरी चुकलंय एवढं तर सांगेल ना पोरगी?"

"ते सांगंल," सपना म्हणाली. तिला खात्री होती. तिला ही खात्री कोणी दिली होती, ते तिथे दोघींनाच माहीत होतं.

"मॅडम, तुम्ही उलटा. तुम्ही जाणकार."

ज्ञानेश्वरी उठली. सतरंजीपाशी येईपर्यंत तिने काही ठरवलं नव्हतं, असं नंतर तिने स्वतःला पुष्कळदा सांगितलं. पण तिचा हात चाचपडला नाही. दुसऱ्या ओळीतलं दुसरं, दुसऱ्या ओळीतलं पाचवं. चौथ्या ओळीतलं दुसरं, चौथ्या ओळीतलं पाचवं. चार पानं हलकेच उलटून ती मागे झाली.

ठमी वळली. आडव्या ओळी मोजल्या. उभ्या मोजल्या. कपाळाला आठी घालून पुन्हा मोजल्या. मग तिचा चेहरा मोकळा झाला. बाईंनी आपली गंमत केली, असं तिला वाटलं असावं.

"कायच नाय उलटलं."

मुलं फिसफिसली. झिपरू तोंडावर हात दाबून हसला.

"नक्की?" साहेबांनी विचारलं.

"नक्की. सपनाबाईंनी शिकवलंय. चूक लपत नाय."

हसण्याची एकच लाट उठली. "चार उलटली, चार!" कोणीतरी ओरडलं. ठमीने पानांकडे पाहिलं, मग मुलांकडे, मग सपनाकडे. सपना ज्ञानेश्वरीकडे बघत होती.

"हे कसं झालं?" साहेबांनी विचारलं. सपना वाकून पुन्हा ओळी मोजू लागली.

मग ज्ञानेश्वरीने सांगितलं. खडू घेऊन फरशीवर चौकट काढली, चार कोपरे दाखवले, प्रत्येक ओळीत दोन बदल, म्हणून सम ते समच. एकही शब्द जास्त नाही, एकही कमी नाही. चौदा वर्षांत तिने इतकं सुरेख कधी समजावलं नव्हतं.

"याला म्हणतात पाया पक्का असणं," साहेब म्हणाले. "खेळ ठीक आहे, पण खेळामागचं माहीत असलेलं माणूस हवं. मनीष सर, ज्ञानेश्वरी मॅडमचंच नाव लिहा."

मनीष सरांनी लिहिलं. ठमी केव्हा उठून गेली, ते कोणी पाहिलं नाही.

साहेबांची गाडी गेल्यावर सपना सतरंजीची घडी घालत होती. ज्ञानेश्वरी तिच्या बोलण्याची वाट बघत थांबली. उत्तरं तयार होती: साहेबांनीच सांगितलं, वाट्टेल तेवढी उलटा म्हणून, मी दोन पानांचं बोलले होते, चारांचं नाही.

"चारचं मला म्हायती नव्हतं, मॅडम," सपना खाली बघत म्हणाली. "मीच नीट इचारायला पायजे होतं."

तो टोमणा असता तर ज्ञानेश्वरीने सहज परतवला असता. पण तिने कितीही तपासलं तरी त्या वाक्यात टोमणा सापडेना.

*

ठमी दोन दिवस शाळेत आली नाही. गोजराबाईंनी बातमी आणली. "भट्टीवर जातो म्हनती बापासंगं. आजीपाशी राहायचं न्हाई म्हनती. हसली ना पोरं, जिवाला लावून घेतलं बगा. सपनाबाई गेल्त्या काल घरी."

"आली का मग समजावून?"

"काय की. पानं दिवून आल्या म्हनं टोपलीभर."

पालघरचं पत्र पुढच्या शनिवारी आलं. ज्ञानेश्वरीचं पूर्ण नाव, हुद्दा, सोमवारची तारीख. तिने ते दोनदा वाचून कपाटात ठेवलं आणि कॉम्प्युटरच्या खोळी काढून झटकू लागली. चौथी खोळ झटकताना दारात सावली पडली.

ठमी उभी होती. केसांना तेल नव्हतं. हातात टोपली होती.

"सपनाबाई बोलल्या, मोठ्या बाईंना दाखव. त्यांनाच कळंल."

ज्ञानेश्वरी काही बोलायच्या आत ती फरशीवर बसून पानं मांडूही लागली. सहा ओळी, सहा-सहा पानं. मोजून सगळ्या ओळी सम केल्या. मग गुडघ्यांवर पुढे सरकत तिने पानं उलटायला सुरुवात केली. पहिल्या ओळीत दोन. दुसऱ्या ओळीत दोन, पण एक पहिल्या जोडीखालचं आणि दुसरं भलतीकडेच. तिसऱ्या ओळीत दोन. एकूण सहा.

"मोजा."

ज्ञानेश्वरी खाली वाकली. चौकट नव्हती. कोपरे जुळत नव्हते. जिन्यासारखी तिरपी उतरणारी काहीतरी वेडीवाकडी नक्षी होती. तिने आडव्या ओळी मोजल्या, उभ्या मोजल्या. मग फरशीवर बसली आणि पुन्हा मोजल्या. सगळ्या सम.

"तुला कोणी सांगितलं हे?"

"कोनी नाय. चार लपली ना त्या दिशी? मंग मी बघलं, अजून कोन कोन लपतं." ठमीने नाकाखालून मनगट फिरवलं. "पाच नाय लपत. सहा लपतात. पन कसीबी नाय, असीच."

पंख्याच्या वाऱ्याने पानांची टोकं किंचित हलत होती. ज्ञानेश्वरीला आपल्या छातीतली ती ओळखीची कळ जाणवली. सपनापाशी थांबली असेल असं तिला वाटलं होतं. ती आता या अकरा वर्षांच्या पोरीपर्यंत पोचली होती. चार कोपऱ्यांची युक्ती ज्ञानेश्वरीने कॉलेजात असताना एका पुस्तकात वाचली होती. पुढे काय, असं तिने कधी स्वतःला विचारलं नव्हतं. चौदा वर्षं हात धुऊन माउस धरणाऱ्या तिच्या मुलांपैकीही कोणी तिला काही शोधून आणून दाखवलं नव्हतं.

ठमी डोळे बारीक करून तिच्याकडे बघत होती.

"बाई, तुमाला ठावं होतं?"

'हो' म्हणणं सोपं होतं. हो, पुस्तकात आहे, पुढच्या वर्गात शिकवतात. पोर मान हलवून गेली असती आणि सोमवारी पालघरला पन्नास शिक्षकांसमोर हीच सहा पानं मांडता आली असती.

"नाही," ज्ञानेश्वरी म्हणाली. "मला चारच माहीत होती."

"खरंच नाय?"

"खरंच नाही. हे तू काढलंस."

ठमी उठली. तिचा चेहरा आनंदाने असा फुलला की ज्ञानेश्वरीला बघवेना. मग ती दाराबाहेर सुटली. "सपनाबाई! मोठ्या बाईंना बी नाय ठावं! मोठ्या बाईंना बी नाय ठावं!" पटांगणभर आवाज गेला. कोणीतरी टाळ्या पिटल्या, गोजराबाई खळखळून हसल्या, आणि पहिलीतल्या पोरांनी काही न कळता ती ओळ उचलून तालावर म्हणायला घेतली. खिडकी हाताच्या अंतरावर होती. ज्ञानेश्वरीने ती लावली नाही.

जरा वेळाने सपना दारात आली. धावल्यामुळे तिला धाप लागली होती.

"बरोबर हाय ना, मॅडम? मी तीनदा मोजलं, पण मला भरोसा नव्हता."

"बरोबर आहे." ज्ञानेश्वरी फरशीवरून उठली नाही. "सपना, त्या दिवशी तू म्हणालीस, चूक लपत नाही. मी 'हं' म्हटलं. तेव्हा मला चारचं माहीत होतं."

सपनाने दाराच्या चौकटीला धरलं. बाहेर पोरांचा तालावरचा कल्ला चालूच होता.

"मला कळलं होतं, मॅडम," ती म्हणाली. "गुरुवारीच. तुमी पानं उलटताना थांबला नाय ना कुठं."

"तरी ठमीला माझ्याकडे पाठवलंस?"

"दुसरं कोनाकडं पाठवू?" सपना म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता; मायाही नव्हती. "मला कळलं असतं तर मीच नसतं बघितलं?" तिने पदर सावरला आणि ती वर्गाकडे निघून गेली. तिने मागे वळून पाहिलं नाही.

घंटा झाली. सहावीची मुलं कॉम्प्युटरच्या तासाला रांगेत आली आणि दारातच थबकली. मोठ्या बाई खोळी न घातलेल्या यंत्रांच्या मधोमध मांडी घालून बसल्या होत्या. समोर छत्तीस पानं होती आणि बाई त्यांतलं एकेक बोटाने उलटत होत्या, पुटपुटत मोजत होत्या, पुन्हा सुलटं करत होत्या.

"बाई, हात धुऊन आलो," पुढच्या मुलाने सांगितलं.

ज्ञानेश्वरीने मान वर केली. आपल्याला काय सांगायचं आहे, ते तिला लगेच आठवेना.

"या," ती म्हणाली, आणि सरकून जागा केली. "सांभाळून बसा. पानांवर पाय देऊ नका."